गाव पावणेदोन हजारांचे, विमानतळ पावणेदोन कोटींचा

उत्तर इटलीतल्या बर्गामो शहरापासून आग्नेयेला चार-पाच किलोमीटरवर, सेरियो नदीच्या परिसरात, ओरियो अल सेरियो नावाचे गाव आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे पावणेदोन हजार. या गावाच्या उशालाच इटलीतला तिसऱ्या क्रमांकाचा वर्दळीचा विमानतळ आहे. २०२४ मध्ये तिथून १ कोटी ७३ लाखांहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली. दिवसाची सरासरी काढली तर सत्तेचाळीस हजार. म्हणजे अख्ख्या गावात जेवढी माणसे राहतात, तेवढी तासाभरात टर्मिनलमधून आत-बाहेर होतात.

मिलानसारखे महानगर असो की ओरियोसारखे खेडे, इटलीत दोघांनाही ‘कोमूने’ हाच दर्जा असतो. निवडून आलेला सिंदाको म्हणजे महापौर, त्याची परिषद, स्वतःचे अंदाजपत्रक, बांधकामाची परवानगी देण्याचा अधिकार हे सगळे ओरियोकडेही आहे. कागदावर हे गाव दुबळे नाही. तरीही विमानतळ आल्यापासून गावाला काय मिळाले, काय गेले आणि या हिशेबात गावाचे म्हणणे किती चालले, हे पाहू लागलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पैसा, मालकी आणि आवाज यांच्या वाटण्या तीन वेगवेगळ्या रेषांवर झाल्या आहेत आणि त्या रेषा एकमेकींना क्वचितच भेटतात. ओरियो हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. पण माल्पेन्सा आणि चाम्पिनो या विमानतळांभोवतीच्या गावांचीही कहाणी याच वळणाची आहे.

लष्करी मैदानापासून स्वस्त तिकिटापर्यंत

ओरियोचे धावपट्टीशी नाते जुने आहे. १९३७ मध्ये इथे लष्करी विमानतळ सुरू झाला. त्याला नाव दिले गेले अन्तोनियो लोकातेल्ली या बर्गामोच्या वैमानिकाचे. १९१८ मध्ये कवी दानुन्झिओच्या नेतृत्वाखाली व्हिएन्नावर पत्रके टाकणाऱ्या तुकडीत तो होता आणि १९३६ मध्ये इथिओपियात मारला गेला. नागरी वाहतुकीसाठी १९७० मध्ये ‘साक्बो’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९७२ पासून प्रवासी विमाने उडू लागली. पुढची तीस वर्षे हा प्रांतातला एक मध्यम विमानतळ होता. सुट्ट्यांतली चार्टर विमाने, थोडी देशांतर्गत वाहतूक आणि रात्री कुरिअर कंपन्यांची मालवाहतूक एवढाच त्याचा पसारा.

चित्र बदलले २००२ मध्ये, रायनएअर ही स्वस्त तिकिटांची विमान कंपनी आल्यावर. स्वस्त तिकिटाच्या धंद्याला जे लागते ते सगळे इथे तयार होते. मिलान पन्नासेक किलोमीटरवर, मिलान-व्हेनिस महामार्ग अगदी दाराशी. मिलान शहरालगतच्या लिनाते विमानतळावर जागा मोजकी होती, तर माल्पेन्सा मोठ्या विमान कंपन्यांसाठी उभारलेला. विमान उतरल्यावर पंचवीस मिनिटांत पुन्हा उडवायचे असेल तर आटोपशीर विमानतळच सोयीचा पडतो. २००२ मध्ये वर्षाला साडेबारा लाखांच्या आसपास असलेले प्रवासी २०१० मध्ये ७६ लाखांवर आणि २०१९ मध्ये १ कोटी ३८ लाखांवर गेले. महासाथीच्या २०२० मध्ये आकडा ३८ लाखांवर कोसळला. युरोपात त्या साथीचा पहिला मोठा घाव याच बर्गामो प्रांताला बसला होता. पण २०२३ पर्यंत प्रवासी पुन्हा दीड कोटीच्या पलीकडे पोहोचले. हा सगळा भार एकाच मुख्य धावपट्टीवर आहे.

विमानतळाला आज चित्रकार काराव्हाज्जोचे नाव आहे आणि बाजारात तो ‘मिलान बर्गामो’ म्हणून विकला जातो. युरोपच्या सहलीत ‘मिलान’चे स्वस्त तिकीट काढणारा मराठी प्रवासीही अनेकदा प्रत्यक्षात इथेच उतरतो. स्थानिक लोक मात्र आजही ‘ओरियोहून विमान आहे’ असेच म्हणतात.

मालक कोण?

साक्बोच्या भांडवलात सुमारे ३१ टक्के वाटा ‘सेआ’ या कंपनीचा आहे. लिनाते आणि माल्पेन्सा हे मिलानचे दोन्ही विमानतळ चालवणारी ती हीच. उरलेल्यात बर्गामो शहर, बर्गामो प्रांत, तिथले वाणिज्य मंडळ आणि बँका हे मोठे हिस्सेदार. विमानतळ वाढला की लाभांश वाढतो, तो या यादीप्रमाणे वाटला जातो.

यात बर्गामो शहराची अडचण पाहण्यासारखी आहे. पश्चिमेकडे उड्डाण केलेली विमाने शहराच्या कोलोन्योला या वस्तीजवळून जातात. म्हणजे शहराची परिषद एकीकडे भागधारक म्हणून प्रवासीसंख्या वाढावी असे म्हणते, आणि दुसरीकडे कोलोन्योलातल्या मतदारांच्या तक्रारी ऐकते. निवडणुकीच्या काळात ही ओढाताण उघड होते. शहराजवळ निदान दोन्ही पारड्यांत टाकायला काहीतरी असते. ओरियो, ग्रास्सोब्बियो, सेरियाते, अझ्झानो सान पाओलो अशा शेजारच्या कोमूनेंचे पारडे मुख्यतः एकच, ते म्हणजे रहिवाशांचे.

गावाच्या तिजोरीत काय येते?

एवढी वर्दळ म्हटल्यावर गावाकडे पैसा वाहत असेल, असे कोणालाही वाटेल. इटलीचा कायदा वाचला की हा समज हळूहळू विरतो.

२००४ च्या अर्थसंकल्पासोबत इटलीने विमानात चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर १ युरोचा अधिभार लावला. त्याचे नावच ‘कोमूनेंचा अतिरिक्त कर’ असे आहे. पण ही रक्कम आधी केंद्राच्या तिजोरीत जाते. त्यातून ३ कोटी युरो हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेला. उरलेल्यापैकी मोठा हिस्सा विमानतळ आणि रेल्वे स्थानकांच्या सुरक्षेसाठी, आणि राहिलेला छोटा हिस्सा कोमूनेंसाठी. पुढे या कराला एकामागून एक जोड मिळत गेली आणि तो बहुतेक विमानतळांवर साडेसहा युरोंपर्यंत पोहोचला. वाढीव रकमेचा बहुतांश भाग नोकरी गेलेल्या हवाई कर्मचाऱ्यांच्या साहाय्य निधीला आणि सामाजिक सुरक्षा संस्थेला जातो, काही अग्निशमन सेवेला. कर कोमूनेंच्या नावाने वसूल होतो, पण कोमूनेंच्या वाट्याला पहिल्या युरोतलेही काही सेंटच.

त्याहून महत्त्वाचे सूत्र पुढे आहे. कोमूनेंमधली वाटणी दोन निकषांवर होते. विमानतळाच्या एकूण जागेपैकी किती जागा तुमच्या हद्दीत आहे हा पहिला, आणि तुमच्या कोमूनेचे एकूण क्षेत्रफळ किती, कमाल १०० चौरस किलोमीटरपर्यंत, हा दुसरा. ३ चौरस किलोमीटरच्या गावाला दुसऱ्या निकषात काय मिळणार? आणि पहिला निकष फक्त कुंपणाच्या आतली जमीन मोजतो. ज्याच्या हद्दीत धावपट्टीचा इंचही नाही, पण ज्याच्या छपरांवरून दिवसभर विमाने उतरतात, त्या गावाला या सूत्रात जवळपास जागाच नाही. विमाने किती, रात्री किती, आवाज किती हे शब्द या सूत्रात येतच नाहीत.

मालमत्ता कराचीही हीच तऱ्हा. स्थानके, बंदरे, विमानतळ अशा सार्वजनिक वाहतुकीच्या वास्तू इटलीच्या मालमत्ता नोंदीत ‘ई’ गटात येतात आणि त्या गटाला ‘इमू’ हा स्थानिक मालमत्ता कर माफ आहे. धावपट्टी आणि टर्मिनलचा मुख्य भाग त्यामुळे करमुक्त. टर्मिनलमधली दुकाने, वाहनतळ यांसारखे व्यापारी भाग वेगळे नोंदवावेत असा नियम २००६ पासून आहे आणि त्याच्या अर्थावरून इटलीभर कोमूने आणि विमानतळ कंपन्यांचे कज्जे चालत आले आहेत.

ओरियोत मात्र करपात्र असे एक मोठे प्रकरण आहे, ओरियोसेंटर. १९९८ मध्ये महामार्गालगत उघडलेला हा मॉल २०१७ च्या विस्तारानंतर इटलीतल्या सर्वांत मोठ्या मॉलमध्ये गणला जातो. दुकानांची संख्या पावणेतीनशेच्या पुढे. टर्मिनलमधून पादचारी भुयाराने थेट तिथे पोहोचता येते, त्यामुळे विमानाला तीन तास अवकाश असलेला प्रवासी सामानासकट मॉलमध्ये फिरताना दिसतो. इथे तरी गावाची चांदी झाली असेल? काही प्रमाणात झालीही आहे. बांधकाम शुल्क, रस्त्यांची कामे, नोकऱ्या या वाटेने इतक्या लहान गावाला एरवी न मिळणारे बरेच काही मिळाले. पण मोठ्या व्यापारी इमारती बहुधा ज्या ‘डी’ गटात मोडतात, त्यांच्या इमूतला ०.७६ टक्के हा मूळ दर केंद्र स्वतःकडे ठेवते. कोमूनेने कमाल १.०६ टक्के दर लावला तरी त्याच्या हाती येतात ०.३० टक्के. गावाच्या जमिनीवर सर्वांत जास्त मोल असलेल्या वास्तूच्या करातला मोठा घास रोमला जातो.

नोकऱ्या, हॉटेले, वाहनतळ, मालगोदामे यांचा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. फक्त तो प्रांतभर पसरतो. बर्गामोचे डोंगरावरचे जुने शहर पाहायला येणारे पर्यटक वाढले. तिथली व्हेनेशियन तटबंदी २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. पर्यटक ओरियोत उतरतो आणि बसने बर्गामो किंवा मिलान गाठतो. लाभ प्रांताचा आणि आवाज धावपट्टीच्या टोकांचा, हा हिशेब म्हणूनच जुळत नाही.

आवाज कसा मोजतात

इटलीत विमानतळाच्या आवाजासाठी ३१ ऑक्टोबर १९९७ च्या मंत्रालयीन आदेशाने वेगळे मापक ठरवले आहे, त्याला एलव्हीए म्हणतात. वर्षाचे तीन कालखंड करून प्रत्येकातला सर्वाधिक वर्दळीचा एक आठवडा घ्यायचा आणि त्या तीन आठवड्यांवरून आकडा काढायचा. ६५ डेसिबलपर्यंत ‘अ’ विभाग, तिथे बांधकामावर बंधन नाही. ६५ ते ७५ मध्ये ‘ब’ विभाग, तिथे शेती, उद्योग, व्यापार आणि आवाजरोधक कार्यालये चालतात, घरे नाहीत. ७५ च्या वर ‘क’ विभाग, तिथे फक्त विमानतळाशी निगडित कामे.

हे विभाग आखायचे काम विमानतळ आयोगाचे. नागरी हवाई प्राधिकरण, प्रदेश, प्रांत, कोमूने, पर्यावरण संस्था, विमानतळ कंपनी आणि विमान कंपन्या यांचे प्रतिनिधी त्यात बसतात, आणि आखणी एकमताने व्हावी असा नियम आहे. वरवर पाहता लहान कोमूनेच्या हाती यात नकाराधिकार आला. व्यवहारात एकमताच्या अटीने सगळेच एकमेकांत अडकतात. बर्गामोत २०१० मध्ये मंजूर झालेली आखणी पुढे प्रशासकीय न्यायालयात रद्द ठरली आणि वर्षानुवर्षांचे काम पुन्हा सुरुवातीला आले. मधल्या काळात विमाने काही थांबली नव्हती.

एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचे बोट जाते, तो म्हणजे रात्र. १९९७ मध्येच इटलीने रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत नागरी विमानतळांवरची उड्डाणे बंद करणारा नियम काढला. त्यात टपालवाहतुकीला सूट होती आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो आणखी सैल झाला. ओरियोला रात्र जड गेली ती मुख्यतः कुरिअरच्या मालवाहू विमानांनी. दिवसा विकत घेतलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात हवी, तर ती रात्रीच उडणार.

आरोग्याचे म्हणाल तर इथे पुरावा बऱ्यापैकी पक्का आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायना’ या अभ्यासात लंडन, बर्लिन, ॲमस्टरडॅम, स्टॉकहोम, अथेन्स आणि मिलानचा माल्पेन्सा अशा सहा विमानतळांभोवती राहणाऱ्या ४५ ते ७० वयाच्या सुमारे ४,९०० लोकांची तपासणी झाली. रात्रीचा विमानांचा आवाज १० डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेली शिफारस त्याहून कडक आहे: रात्री विमानांचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या खाली असावा. इटलीचे एलव्हीए हे वेगळे मापक असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. पण सुरुवातीच्या विभागाची मर्यादाच ६५ पर्यंत नेणारी पद्धत झोपेचा विचार करून बनलेली नाही, एवढे नक्की.

साक्बोने घरांना दुहेरी खिडक्या, वातानुकूलन यंत्रे बसवून दिली. उपाय उपयोगी आहे, पण तो खिडकी बंद असेपर्यंतच. उन्हाळ्यात अंगणात बसणाऱ्या माणसाला त्याचा काय फायदा? दुसरा उपाय उड्डाणमार्ग बदलण्याचा. त्यात आवाज कमी होत नाही, एका कोमूनेच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. त्यामुळे शेजारची गावे एकमेकांविरुद्धच उभी राहतात. हेच मोठ्या प्रमाणावर घडले ते एका मोठ्या कुरिअर कंपनीने आपले मुख्य मालवाहतूक केंद्र बर्गामोहून माल्पेन्साला हलवले तेव्हा. ओरियोची रात्र थोडी हलकी झाली, माल्पेन्साजवळच्या गावांची जड.

आवाजाच्या जोडीला धोकाही आहेच. ५ ऑगस्ट २०१६ च्या पहाटे चारच्या सुमारास पॅरिसहून आलेले बोइंग ७३७ मालवाहू विमान धावपट्टीवर थांबू शकले नाही. कुंपण तोडून ते बाहेरच्या वाहत्या रस्त्यावर जाऊन थांबले. रस्ता त्या घटकेला मोकळा होता म्हणून जीवितहानी टळली. अशा प्रसंगांसाठी धावपट्टीच्या दोन्ही टोकांना ‘जोखीम आराखडा’ करून नवी वस्ती रोखणे इटलीच्या नौकानयन संहितेने कोमूनेंवरच सोपवले आहे. म्हणजे ३ चौरस किलोमीटरच्या गावाने स्वतःच्या जमिनीवर घरे बांधू नयेत, आणि त्याची भरपाई सूत्रात धरू नये.

माल्पेन्सा आणि चाम्पिनो

मिलानच्या वायव्येला वारेसे प्रांतात, तिचिनो नदीलगतच्या माळरानावर माल्पेन्सा पसरलेला आहे. पहिले टर्मिनल फेर्नो या पावणेसात हजार वस्तीच्या कोमूनेच्या हद्दीत, दुसरे सोम्मा लोम्बार्दोच्या. शेजारी व्हिझ्झोला तिचिनो हे जेमतेम पाच-सहाशे लोकांचे गाव. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘माल्पेन्सा २०००’ सुरू झाला आणि आवाज इतका वाढला की सरकारला घरेच विकत घ्यावी लागली. सोम्मा लोम्बार्दोची काझे नुओव्हे ही वाडी, लोनाते पोझ्झोलो आणि फेर्नोचे काही भाग इथून शेकडो कुटुंबे भरपाई घेऊन निघून गेली. त्यांची घरे वर्षानुवर्षे दारे-खिडक्या बंद करून तशीच पडून राहिली आणि पुढे टप्प्याटप्प्याने पाडली गेली. ज्यांनी जायचे नाकारले, ते ओस गल्लीत राहिले. किराणा दुकान चालायला जेवढी माणसे लागतात, तेवढी उरली नव्हती.

माल्पेन्साभोवतीच्या नऊ कोमूनेंनी मात्र एक शहाणपणा केला. त्यांनी आपला स्वेच्छा नियोजन संघ स्थापन केला आणि विमानतळाच्या विस्तारापासून मार्गबदलापर्यंत बहुतेक प्रश्नांवर एकत्र भूमिका घ्यायला सुरुवात केली. सगळे झगडे त्यांनी जिंकलेले नाहीत. २०२४ मध्ये विमानतळाला सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींचे नाव देताना स्थानिकांचे म्हणणे विचारातच घेतले नाही, ही तक्रार मिलान शहरासह अनेकांनी केली. पण विस्ताराच्या योजनांवर एकत्र म्हणणे मांडताना हा संघ कामी आला.

रोमजवळचे चाम्पिनो वेगळा धडा देते. १९१६ मध्ये उघडलेल्या या विमानतळावरूनच १९२६ मध्ये नोबिलेचे ‘नॉर्गे’ हे हवाई जहाज उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघाले होते. स्वस्त विमानांनी इथेही गर्दी केली, आणि अडतीस हजार वस्तीचे गाव धावपट्टीला चिकटलेले. रहिवाशांनी मोजमापाचा, आरोग्य तपासणीचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. लात्सिओ प्रदेशाच्या आरोग्य संशोधकांनी इथल्या मुलांचा अभ्यास केला. शेवटी २०१८ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढून व्यावसायिक उड्डाणांना दिवसाला ६५ ची मर्यादा घातली आणि रात्रीची विमाने रोखली. रोममध्ये फ्युमिचिनो या मोठ्या विमानतळाचा पर्याय हाताशी होता, म्हणून हे जमले असे म्हणता येईल. तरी मर्यादा घालता येते आणि ती घातल्याने आकाश कोसळत नाही, हे चाम्पिनोने दाखवून दिले.

हिशेब

बर्गामो स्थानकापासून टर्मिनलपर्यंत सुमारे पाच किलोमीटरची रेल्वे हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने पुढे रेटली गेली. तिने गाड्यांची गर्दी आणि धूर घटेल. पण तीही बर्गामोच्या बोक्कालेओने वस्तीतून जाते, आणि तिथले रहिवासी रुळांमुळे आपली वस्ती दुभंगेल म्हणून विरोधात उभे राहिले. गर्दीच्या एका प्रश्नावरचा उपाय दुसऱ्याच्या दारात प्रश्न घेऊन येतो, हे बर्गामोला आता पाठ झाले आहे.

विमानतळ नको, ही मागणी ओरियोत आज कोणी गंभीरपणे करत नाही. हजारोंचे पोट त्यावर आहे, आणि स्वस्त तिकिटावर फिरणाऱ्यांत त्या गावचे लोकही आहेत. दुरुस्ती हवी आहे ती वाटणीत, आणि तिच्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. प्रवासी कराचे सूत्र जमिनीच्या चौरस किलोमीटरऐवजी आवाजाखाली राहणाऱ्या माणसांवर आणि रात्रीच्या उड्डाणांवर बेतावे. रात्रीची बंदी अपवादांची यादी न वाढवता पाळावी, आणि ती सर्व विमानतळांना एकदम लागू करावी, म्हणजे एका गावाची सुटका दुसऱ्याच्या माथी जाणार नाही. आणि ओरियोभोवतीच्या कोमूनेंनी मार्गांवरून आपसात भांडण्याऐवजी माल्पेन्साच्या नऊ गावांसारखे एका संघात यावे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी रोमच्या संसदेच्या हाती आहेत, तिसरी गावांच्या. पावणेदोन हजार मतांना संसदेत वजन नसते. म्हणून सुरुवात तिसऱ्या गोष्टीपासूनच व्हायला हवी.